फॉसा क्लब आणि केरीची ज्युनिअर पातळी : एक प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२३ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अखिल आयर्लंड ज्युनिअर क्लब गेलिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि त्यात केरी काउंटीतील फॉसा या क्लबने टिरोन काउंटीतील स्ट्युअर्ट्सटाउन हार्प्सचा ०-१९ विरुद्ध १-१३ असा पराभव केला. आयर्लंडच्या या देशी खेळात तेव्हाच्या नियमांनुसार जाळ्यात गेलेल्या चेंडूला तीन गुण मिळत आणि आडव्या दांडीच्या वरून, दोन उभ्या खांबांच्या मधून गेलेल्या चेंडूला एक गुण मिळे. गुणफलकावर आधी गोल आणि मग एकेरी गुण लिहितात. म्हणजे सामना १९ विरुद्ध १६ असा, तीन गुणांच्या फरकाने सुटला. एवढ्यावर ही बातमी केरी आणि टिरोनच्या बाहेर कोणी फारशी वाचली नसती. परंतु विजेत्या संघात डेव्हिड क्लिफर्ड होता. त्याच मैदानावर २४ जुलै २०२२ रोजी केरीने गॅलवेला ०-२० विरुद्ध ०-१६ असे हरवून काउंटी संघांचे अखिल आयर्लंड विजेतेपद (सॅम मॅग्वायर करंडक) अडतिसाव्यांदा मिळवले, तेव्हा केरीच्या वीस गुणांपैकी आठ एकट्या क्लिफर्डचे होते, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचीच निवड झाली होती. त्याचा थोरला भाऊ पॉडी हाही त्या केरी संघातला आणि फॉसातलाही.

देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू क्लब फुटबॉलच्या तिसऱ्या पातळीवर खेळतो आणि ती स्पर्धा जिंकतो, हे न्याय्य आहे का, हा प्रश्न त्या हिवाळ्यात आयर्लंडमध्ये अनेकांनी विचारला. प्रस्तुत लेखनात त्या प्रश्नाची तपासणी केली आहे. माझे मत आधीच सांगतो: तक्रारीत तथ्य होते, पण तिचा रोख चुकीच्या जागी होता.

ज्युनिअर म्हणजे काय

येथे ‘ज्युनिअर’ ही वयाची पातळी नसून दर्जाची आहे. १८८४ साली टिपेररी काउंटीतील थर्ल्स येथे स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था पूर्णपणे हौशी तत्त्वावर चालते. क्लब पॅरिशनिहाय, म्हणजे एकेका चर्चच्या कार्यक्षेत्रातील वस्तीनिहाय उभे असतात. खेळाडूला मोबदला मिळत नाही. आणि ज्या गावात तो वाढला त्याच गावाच्या क्लबकडून त्याने खेळावे, अशी नुसती अपेक्षा नसून क्लब बदलण्यावर नियमांचीही बंधने आहेत. प्रत्येक काउंटी आपल्या क्लबांची सिनिअर, इंटरमिजिएट आणि ज्युनिअर अशी प्रतवारी करते. ज्या क्लबने आपल्या पातळीचे विजेतेपद मिळवले तो वर जातो आणि तळाचा क्लब खाली येतो. काउंटीतला ज्युनिअर विजेता पुढे प्रांताच्या स्पर्धेत, म्हणजे मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर किंवा कॉनाक्टमध्ये खेळतो आणि तेथे जिंकल्यास अखिल आयर्लंड फेऱ्यांत जातो.

यातली कळीची गोष्ट अशी की, कोणत्या पातळीवर किती क्लब ठेवायचे हे काउंटी आपापल्या सोयीने ठरवत आल्या आहेत. काउंटीच्या हद्दीत ही व्यवस्था कोणाला खुपत नाही. काउंटी ओलांडून दोन ज्युनिअर विजेते समोरासमोर आले की मात्र दोघांच्या नावापुढचे विशेषण एकच असते आणि त्यामागचा हिशेब वेगळा असतो.

केरीचा हिशेब

२०२२ साली केरीत सिनिअर पातळीवर फक्त ८ क्लब होते. त्याखाली इंटरमिजिएटमध्ये १६, त्याखाली ज्युनिअर प्रीमियरमध्ये १६ आणि उरलेले त्याच्याही खाली. याचा सरळ अर्थ असा की काउंटीच्या उतरंडीत पंचविसावा ठरलेला क्लब केरीत ज्युनिअर होता. टिरोनमध्ये सिनिअर आणि इंटरमिजिएट या दोन्ही पातळ्यांवर प्रत्येकी १६ क्लब असतात. तेथे ज्युनिअर पातळी तेहतिसाव्या क्लबापासून सुरू होते. केरी ही तर सर्वाधिक वेळा अखिल आयर्लंड विजेती ठरलेली काउंटी. तेव्हा तिचा पंचविसावा क्लब आणि टिरोनचा तेहतिसावा क्लब यांना एकाच पंगतीत बसवणे म्हणजे मोजमाप न करताच वजन ठरवण्यासारखे होते.

केरीने सिनिअर पातळी इतकी अरुंद ठेवण्याचे कारण तिच्या काउंटी अजिंक्यपदाच्या रचनेत आहे, आणि ही रचना बाहेरच्या वाचकाला प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. केरीच्या काउंटी सिनिअर स्पर्धेत सिनिअर क्लबांबरोबर विभागीय संघही खेळतात: ईस्ट केरी, मिड केरी, साउथ केरी, वेस्ट केरी, फील रेंजर्स, शॅनन रेंजर्स, सेंट ब्रेंडन्स आणि सेंट कीरन्स. एखाद्या भागातील इंटरमिजिएट आणि ज्युनिअर क्लबांचे उत्तम खेळाडू एकत्र येऊन असा संघ बनतो. खेळाडूचे गाव लहान असो, क्लब खालच्या पातळीवर असो, विभागाच्या अंगरख्यात त्याला काउंटीतील सर्वांत वरच्या स्पर्धेत खेळता येते. डोंगर, खाडी आणि द्वीपकल्पे यांनी विखुरलेल्या काउंटीत ही सोय फार मोलाची ठरली आहे. ती नसती, तर गुणी मुलांनी टोकाच्या गावांतून किलार्नी किंवा ट्रलीच्या मोठ्या क्लबांकडे सरकण्याचा दबाव कितीतरी वाढला असता.

केरीच्या परंपरेने या व्यवस्थेला आणखी एक वजन दिले आहे. काउंटी सिनिअर स्पर्धा जो संघ जिंकतो, त्याने पुढील वर्षीच्या केरी संघाचा कर्णधार सुचवायचा, अशी रीत आहे. साउथ केरीच्या विजयांमुळे ड्रोमिड पिअर्सेस या छोट्या क्लबचा डेक्लन ओ’सलिव्हन कर्णधार झाला. मिड केरीने २००८ साली काउंटी जिंकली म्हणून ग्लेनबे-ग्लेनकारचा डॅरन ओ’सलिव्हन २००९ मध्ये केरीचा कर्णधार होता आणि त्या वर्षी केरीने करंडकही जिंकला. केरीचा नामवंत खेळाडू पॉल गॅल्विन आणि पुढे २०१४ साली केरीला प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळवून देणारा एमन फिट्झमॉरिस हे दोघेही फिन्यूग या लहानशा क्लबचे. काउंटीच्या संघातला नामवंत खेळाडू खालच्या पातळीवरच्या क्लबचा असणे हे केरीत नवल नाही. फॉसाच्या बाबतीत ते नवल वाटले, कारण नाव क्लिफर्डचे होते.

विभागीय संघ काउंटी विजेता ठरला तरी तो प्रांताच्या क्लब स्पर्धेत जाऊ शकत नाही. अशा वर्षी त्या जागी केरीतर्फे सिनिअर क्लब स्पर्धेचा विजेता जातो. २०२२ मध्ये नेमके असेच घडले. काउंटी अजिंक्यपद ईस्ट केरीने मिळवले, त्यात क्लिफर्ड बंधू खेळले, पण मन्स्टरमध्ये केरीचे प्रतिनिधित्व ट्रलीच्या केरिन्स ओ’राहिलीज या क्लबने केले आणि तो मन्स्टर विजेताही झाला. म्हणजे त्या शरद ऋतूत डेव्हिड क्लिफर्ड काउंटीच्या सर्वोच्च स्पर्धेचा विजेता होता आणि त्याच काळात तिसऱ्या पातळीच्या स्पर्धेतही गावासाठी मैदानात उतरत होता. जुलैपर्यंत काउंटी संघ, त्यानंतर क्लब, अशी हंगामाची विभागणी २०२२ पासून लागू झाल्यामुळे हे सर्व एकापाठोपाठ एक येऊन पडले. विश्रांतीचा महिना म्हणावा असा काही उरला नाही. हौशी खेळाडूच्या शरीरावरचा हा भार हा खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

क्लबची स्थिती

फॉसा हे किलार्नीच्या पश्चिमेला, लोक लेन सरोवराच्या काठालगत वसलेले गाव. किलार्नी शहरातच डॉ. क्रोक्स हा क्लब आहे, ज्याने १९९२ आणि २०१७ मध्ये अखिल आयर्लंड सिनिअर क्लब विजेतेपद मिळवले. किलार्नी लीजनही तेथेच आहे. शेजारी एवढी मोठी घरे असताना फॉसाने आपले वेगळे अंगण राखणे हीच त्या क्लबची मुख्य कामगिरी म्हणावी लागेल.

डेव्हिड क्लिफर्डचे नाव देशभर झाले ते २०१७ मध्ये, जेव्हा कुमार गटाच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात डेरीविरुद्ध त्याने एकट्याने ४-४, म्हणजे सोळा गुण केले. २०१८ पासून तो केरीच्या वरिष्ठ संघात आहे. तक्रार करणाऱ्यांनी ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष केले ती येथे आहे. असा खेळाडू हाताशी असूनही फॉसा २०२२ पर्यंत ज्युनिअरमध्येच राहिला. २०१८ मध्ये केरीतून ब्यूफर्ट वर गेला, २०१९ मध्ये ना गेल, २०२१ मध्ये नीव्हगिला, फॉसा नव्हे. पंधरा जणांच्या संघात, पन्नास-साठ यार्डांवरून चेंडू पोहोचवणारा कोणी नसेल, बचाव फळीत प्रतिस्पर्ध्याचा मुख्य आक्रमक रोखणारा कोणी नसेल, तर पुढे उभा असलेला अद्वितीय खेळाडूसुद्धा चेंडूची वाट पाहण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. एका खेळाडूने स्पर्धा विकत घेतल्यासारखी जिंकली, या समजुतीला २०१८ ते २०२१ या हंगामांतून पुरेसे उत्तर मिळते. २०२२ मध्ये फॉसा जिंकला तो पॉडी क्लिफर्ड परिपक्व झाला, आणि ज्यांची नावे काउंटीबाहेर कोणाला ठाऊक नाहीत असे उरलेले खेळाडू एकत्र तयार झाले, त्यामुळे.

हंगाम आणि अंतिम सामना

केरीच्या ज्युनिअर प्रीमियर अंतिम सामन्यात फॉसाने शेजारच्या लिस्ट्रीला हरवले. त्यानंतर मन्स्टरचे विजेतेपद आणि मग अखिल आयर्लंड फेऱ्या. या प्रवासाचे सविस्तर वर्णन येथे करत नाही. प्रकरणाच्या दृष्टीने अंतिम सामनाच महत्त्वाचा.

स्ट्युअर्ट्सटाउन हे टिरोनच्या पूर्व भागातले, कुक्सटाउनजवळचे गाव. टिरोनची क्लब स्पर्धा थेट बाद पद्धतीने खेळली जाते, त्यामुळे तेथून बाहेर पडलेला संघ एका पराभवाची किंमत ओळखून असतो. क्रोक पार्कवर त्यांनी फॉसाला सहज सुटू दिले नाही. सामना खडाजंगीचा झाला. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना लाल कार्डे मिळाली आणि सामना संपला तेव्हा डेव्हिड आणि पॉडी हे दोघेही मैदानाबाहेर होते. ज्या संघाबद्दल ‘क्लिफर्ड नसेल तर काय’ असे विचारले जात होते, त्या संघाने शेवटची मिनिटे त्यांच्याविना काढली आणि तीन गुणांची आघाडी टिकवली. हे चित्र फॉसाच्या बाजूचे म्हणून मी मांडत नाही. दोन प्रमुख खेळाडू अखिल आयर्लंड अंतिम सामन्यातून हाकलले जाणे ही कोणत्याही क्लबला मिरवण्याजोगी गोष्ट नव्हे. पण पुरावा म्हणून ते नोंदवणे भाग आहे.

तक्रारीची छाननी

तक्रारीचे दोन भाग होते आणि चर्चेत ते सतत एकमेकांत मिसळले गेले. पहिला भाग व्यक्तीविषयी: काउंटीच्या वरिष्ठ संघातील खेळाडूला ज्युनिअर स्पर्धेत खेळू देऊ नये. दुसरा भाग रचनेविषयी: केरीचे ज्युनिअर क्लब इतर काउंट्यांच्या मानाने फार बलवान असतात.

पहिल्या भागावरचा उपाय ऐकायला सोपा आहे, पण त्याचा परिणाम पाहावा. क्लिफर्डला ज्युनिअर स्पर्धेत बंदी केली, तर त्याच्यापुढे दोन वाटा उरतात. एक, त्याने गावाकडून खेळूच नये. दोन, त्याने किलार्नीतल्या एखाद्या सिनिअर क्लबात जावे. दोन्ही वाटा या संघटनेच्या मुळावर येणाऱ्या आहेत, कारण काउंटीचा संघ क्लबांतून उभा राहतो आणि क्लब गावातून. शिवाय अशी बंदी फॉसासारख्या क्लबला दुहेरी शिक्षा ठरेल: मुलगा लहानपणापासून घडवायचा क्लबने, आणि तो मोठा झाला की त्याच्याविना खेळायचे तेही क्लबने. ज्या गावाने एक गुणवान खेळाडू दिला, त्याची प्रतवारी तेवढ्यासाठी बदलावी असेही काही जणांना वाटले; परंतु पातळी क्लबची ठरते ती पंधरा जणांच्या निकालांवरून, आणि फॉसाचे निकाल २०२२ पर्यंत ज्युनिअर दर्जाचेच होते. हा भाग मला मुळीच पटत नाही.

दुसरा भाग वेगळा आहे. अखिल आयर्लंड ज्युनिअर विजेत्यांची यादी पाहिली तर २०१५ मध्ये ब्रॉस्ना, २०१६ मध्ये टेम्पलनो, २०१७ मध्ये ग्लेनबे-ग्लेनकार, २०१९ मध्ये ब्यूफर्ट आणि २०२० मध्ये ना गेल, असे पाच विजेते केरीचे आहेत. मधला २०१८ चा विजेता नॉकनग्री हा कॉर्कचा, तोही केरीच्या सीमेला लागून असलेल्या गावचा. यांपैकी कोणाकडेही डेव्हिड क्लिफर्ड नव्हता. टेम्पलनोकडे केरीच्या नामवंत फुटबॉलपटूंच्या स्पिलेन घराण्याची पुढची पिढी होती, ग्लेनबे-ग्लेनकारकडे डॅरन ओ’सलिव्हन होता, पण सर्वांना जोडणारी बाब एकच: ते केरीचे ज्युनिअर विजेते होते. टेम्पलनो तर पुढच्या काही वर्षांत पायऱ्या चढत केरीच्या सिनिअर आठांत जाऊन बसला. जो क्लब इतक्या थोड्या काळात काउंटीच्या सर्वोच्च पातळीवर टिकू शकतो, तो राष्ट्रीय स्पर्धेत ज्युनिअर म्हणून उतरला तेव्हा त्याची पाटी आणि त्याचे बळ यांत अंतर होते, हे मान्य करावे लागते.

म्हणून दोष असेल तर तो चोविसाव्या आणि पंचविसाव्या क्रमांकांमध्ये आखलेल्या रेषेत आहे. क्लिफर्डच्या प्रसिद्धीमुळे त्या रेषेकडे लक्ष गेले, हे चांगले झाले. परंतु लक्ष गेले ते रेषेवर उभ्या असलेल्या माणसाकडे, रेषेकडे नव्हे.

रेषा हलवायची तर काय करावे लागेल? सिनिअर क्लबांची संख्या ८ वरून १६ केली, तर केरीचा ज्युनिअर विजेता आपोआप टिरोनच्या बरोबरीला येतो. पण मग विभागीय संघांचे काय? इंटरमिजिएट पातळीवरचे बलवान क्लब सिनिअर झाले की त्यांचे खेळाडू विभागाला मिळत नाहीत. ईस्ट केरी, मिड केरी यांच्या संघांतला कणा निघून जातो आणि उरतात ते सर्वांत लहान क्लबांचे खेळाडू. ज्यांच्यासाठी ही सोय होती त्यांच्याच हातून ती निसटते. शिवाय सिनिअरमध्ये नव्याने आलेल्या सोळाव्या क्लबला डॉ. क्रोक्ससमोर उभे राहून दरवर्षी पंधरा-वीस गुणांनी हरणे हा क्रीडाविकास म्हणता येणार नाही. दुसरा पर्याय असा की काउंटीच्या आतील रचनेला हात न लावता, प्रांतात पाठवताना पाटी बदलायची: केरीच्या इंटरमिजिएट विजेत्याला बाहेर सिनिअर समजायचे आणि ज्युनिअर प्रीमियर विजेत्याला इंटरमिजिएट. यात न्याय अधिक दिसतो, पण केरीची सिनिअर जागा एकच असल्यामुळे हा पर्याय कागदावरच अडखळतो. मला विचाराल तर प्रत्येक पातळीवरील क्लबसंख्येची किमान मर्यादा राष्ट्रीय स्तरावर ठरवणे आणि ती मर्यादा १२ च्या आसपास ठेवणे हा मधला मार्ग व्यवहार्य आहे. आठाचे बारा झाल्याने विभागीय संघ मोडत नाहीत आणि ज्युनिअरची सुरुवात काही पायऱ्या खाली सरकते.

बलाढ्यतेचा युक्तिवादही अमर्याद ताणू नये. २०२२ च्या सुरुवातीला झालेल्या अखिल आयर्लंड ज्युनिअर अंतिम सामन्यात मेयो काउंटीच्या किलमीनाने केरीच्या नीव्हगिलाला हरवले होते, आणि २०२४ मध्ये कॅव्हनच्या आर्व्हाने केरीच्याच लिस्टोवेल एमेट्सला. फॉसाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही केरी विजेते क्रोक पार्कपर्यंत किंवा अंतिम फेरीपर्यंत पोहोचून रिकाम्या हाताने परतले. केरीच्या ज्युनिअर संघाला सुरुवातीचा लाभ मिळतो, विजय मिळतोच असे नाही.

पुढे काय झाले

फॉसा बढती मिळून इंटरमिजिएटमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, केरीच्या त्या पातळीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे मिलटाउन/कॅसलमेनने त्याला हरवले, दोन्ही क्लिफर्ड संघात असताना. ईस्ट केरीच्या २०२२ च्या विजयामुळे २०२३ मध्ये केरीचे कर्णधारपद डेव्हिडकडे आले. त्या वर्षी केरी डब्लिनकडून १-१५ विरुद्ध १-१३ अशी अंतिम सामन्यात हरली. ईस्ट केरीने २०२३ मध्येही काउंटी जिंकल्याने २०२४ चे कर्णधारपद पॉडीकडे गेले. एकाच घरातले, एकाच छोट्या क्लबमधले दोन भाऊ लागोपाठ दोन वर्षे केरीचे कर्णधार झाले, आणि ते विभागीय संघांच्या ज्या व्यवस्थेमुळे, तिच्यासाठीच केरीने आपली सिनिअर पातळी आठ क्लबांपुरती ठेवली होती.